प्राणी-पक्ष्यांवरून बाळांची नावं : अर्थ तपासून, हाक मारून

रानपाखरू

नावांच्या याद्या चाळल्या की प्राणी-पक्ष्यांचा अर्थ असलेली म्हणून तीच दहा-बारा नावं समोर येतात : मयूर, हंसिका, मीनाक्षी, केसरी, नागेश. त्यापुढे गेलं की अर्थ घसरायला लागतात. ‘मृणाल म्हणजे हरिण’, ‘मकरंद म्हणजे मगरीशी संबंधित’, ‘मृगया म्हणजे हरिणी’ असं बेधडक छापलेलं असतं. मृणाल म्हणजे कमळाचा देठ. मकरंद म्हणजे फुलातला मध. आणि मृगया म्हणजे शिकार. त्यात हरिण असलंच तर ते बाणाच्या टोकाशी आहे.

मुलगा-मुलगी दोन्हींसाठी नावं हवी आहेत. दोन ते चार अक्षरी. अटी तीन :

अर्थ शब्दकोशात सापडला पाहिजे, नुसता यादीत नव्हे.
मराठीत हाक मारताना भलताच अर्थ निघू नये.
रोमन लिपीत लिहून परत देवनागरीत आणलं तरी तेच नाव राहावं.

प्राणी उघड दिसला तरी चालेल, पण थोडा आत दडलेला असेल तर जास्त आवडेल. सध्या जमवलेली नावं : मराल, तुरंग, शरभ, केका, एणाक्षी, सारंग. यातली कुठली टिकतील? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

१. साळुंकी

मराल आधी बाद करा. अर्थ हंस, हे अगदी बरोबर. पण मराठीत ‘तुम्ही मराल’ हे पूर्ण वाक्य आहे. वर्गात हजेरी घेताना रोज एकदा तरी ते ऐकावं लागेल. हंसच हवा असेल तर हंसिका, हंसिनी, हंसराज आहेत. मरालिका हेही चालतं, त्यात क्रियापद लपून जातं.

तुरंग म्हणजे घोडा, आणि एक उकार वाढला की तुरुंग. तेही नको.

२. टंकवेडा

शरभबद्दल. सिंहालाही भारी पडणारा आठ पायांचा काल्पनिक प्राणी, अर्थ झकास. पण देवनागरीत भ आणि म यांत फरक फक्त वरच्या गाठीचा. हाताने लिहिलेल्या अर्जावरून कुणी टाइप केलं की ‘शरभ’चं ‘शरम’ होतं. रोमनमध्ये शेवटचा एच गळला की थेट ‘शराब’. म्हणजे दोन्ही लिप्यांत धोका. कलभ (हत्तीचं पिल्लू) आणि करभ (हत्तीचं किंवा उंटाचं पिल्लू) यांचंही तेच : कलम आणि करम. ऋषभ मात्र वाचतो, कारण ते नाव सगळ्यांच्या कानावर आहे, वाचणारा आपोआप भ वाचतो.

३. कोशकीटक

प्राणी आत दडलेली नावं हवीत ना, मग चंद्रापासून सुरुवात करा. चंद्रावरच्या डागात कुणाला ससा दिसला, कुणाला हरिण. सशावरून शशी, शशांक, शशधर. हरिणावरून मृगांक. शशांक म्हणजे ‘ससा हे ज्याचं चिन्ह आहे तो’, मृगांक म्हणजे ‘हरिण हे ज्याचं चिन्ह आहे तो’. रोज वापरातली नावं, पण ससा कुणाच्या ध्यानात येत नाही.

आता ‘मृग’ या शब्दाबद्दल थोडं सविस्तर, कारण याद्यांमध्ये सर्वांत जास्त घोटाळे इथेच होतात. मृग म्हणजे मुळात कुठलंही रानटी जनावर. हरिण हा अर्थ नंतर आकसत गेला. म्हणून मृगेंद्र, मृगराज म्हणजे सिंह. तो हरणांचा राजा नव्हे, वन्य पशूंचा राजा. शाखामृग म्हणजे फांद्यांवरचा पशू, माकड. मृगया म्हणजे शिकार, कुठल्याही जनावराची. फारसीतला मुर्ग हा याच शब्दाचा भाऊ, फक्त तिकडे अर्थ पक्ष्याकडे गेला. फारसी कथांमधला सीमुर्ग नावाचा महापक्षी आहे, त्यातला ‘सी’ म्हणजे आपला श्येन, ससाणा, आणि ‘मुर्ग’ म्हणजे मृग. एकाच शब्दाची दोन पिल्लं, एक रानात, एक आकाशात.

तेव्हा नावात ‘मृग’ दिसला की हरिण समजू नका, पुढचा शब्द बघा. मृगनयनी, मृगाक्षी : हरिण. मृगेंद्र : सिंह. मृण्मयी : इथे मृग नाहीच, मृद् आहे, म्हणजे माती.

४. दवबिंदू

शशिकला म्हणजे सशाची कला की चंद्राची? आणि शशी दीर्घ, शशिकांत ऱ्हस्व, हे असं का?

५. कोशकीटक

@दवबिंदू, चंद्राची कोर. ससा एक पायरी मागे आहे : शश म्हणजे ससा, शशी म्हणजे ससा असलेला (चंद्र), शशिकला म्हणजे त्या चंद्राची कला.

ऱ्हस्व-दीर्घाचं सांगतो, कारण या विषयातल्या निम्म्या नावांना ते लागू आहे. संस्कृतातून आलेल्या शब्दाच्या शेवटी इकार किंवा उकार असेल तर मराठीत तो एकटा असताना दीर्घ लिहितात : हरी, कपी, शशी, पक्षी. पण तोच शब्द समासात पहिला आला की मूळचा ऱ्हस्व परत येतो : हरिहर, शशिकांत, पक्षिराज. पुढे इंद्र किंवा ईश आला तर संधीने दीर्घ होतो : कपींद्र, कपीश, फणींद्र, फणीश. आणि शेवटून दुसरं अक्षर मुळात दीर्घ असेल तर दीर्घच राहतं. मयूर, शार्दूल. ‘मयुर’, ‘शार्दुल’ असं जन्मनोंदीत एकदा लिहिलं गेलं की तीच चूक प्रत्येक कागदावर उतरत जाते.

६. मोडीवाचक

संस्कृत कोशाबाहेरही बघा. मराठीची स्वतःची प्राणी-पक्षी नावं भरपूर होती : राघू, मैना, साळू (साळुंकी), मोरोबा, भुजंगराव, नागोजी, वाघोजी, पोपटराव, चिमणाजी. यातली काही दुहेरी आहेत. राघू म्हणजे पोपट, पण राघव आणि रघुनाथ यांचं लाडाचं रूपही राघूच. चिमणाजीतला चिमणा म्हणजे नर चिमणी आणि चिमणा म्हणजे छोटासा, दोन्ही. मोरो हे मोरेश्वराचं छोटं रूप, मोरेश्वर म्हणजे मयूरेश्वर.

केकाबद्दल. केका म्हणजे मोराचा आवाज, टाहो. मोरोपंत (१७२९–१७९४) स्वतःला कवितेत मयूर म्हणवत, म्हणून त्यांच्या देवाला घातलेल्या आळवणीचं नाव केकावली, मोराच्या हाकांची माळ. नावावरून नाव कसं काढावं याचा यापेक्षा सुंदर नमुना मराठीत नाही. त्यामुळे केका बाद करू नये असं माझं मत.

७. साळुंकी

@मोडीवाचक, अर्थाला पूर्ण अनुमोदन, पण केका हाकेत टिकत नाही. आकारान्त स्त्रीलिंगी नावाला प्रत्यय लावताना ‘आ’चा ‘ए’ होतो : सीतेला, सारिकेला. तसं केकेला, केकेने. कानाला नीट लागत नाही. ‘केकाला’ म्हटलं तर खायचा केक. तीन अक्षरी झालं की हा त्रास जातो : हंसिकेला, वर्तिकेला छान वाटतं.

हीच कसोटी सगळ्या नावांना लावा. कोशात नाव एकटं उभं असतं, घरात त्याला दिवसभर ला, ने, चा, कडे चिकटत असतात. काही नमुने :

हंस (मुलगा) : ‘हंसला’. हसला की काय असं वाटतं.
पिक (कोकीळ) : ‘पिकला’. आंबा झाला.
शुक (पोपट) : ‘शुकला’. आडनाव झालं. शिवाय ‘शुक शुक’ करून कुणाला बोलावलं तर हा वळून बघणार.
अली (भुंगा) : ‘अलीकडे’. ‘अलीकडे जा’ म्हटलं तर मूल नेमकं कुठे जाणार?
श्येन (ससाणा) : भरभर बोलताना य गळतो, ‘शेन’ उरतं. त्यापुढे फक्त एक ण.

विहंगला, सारंगने, मृगांककडे : कुठेही अडत नाही.

८. दवबिंदू

‘अलीकडे जा’ वाचून अजून हसतेय. वाचनखूण साठवली.

९. तिसरी_घंटा

थोडं वेगळं मत. कोशातला अर्थ म्हणजे नावाचा अर्थ, असं धरून चाललात तर अर्धी चांगली नावं हातची जातील. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात कौशिकचे अर्थ बघा : इंद्र, गुग्गुळ, घुबड आणि गारुडी. म्हणून कुणी कौशिकला घुबड म्हणून हाक मारतं का? ते कुशिकाच्या कुळातला, विश्वामित्र, म्हणूनच ऐकलं जातं. नावाचा अर्थ वापरातून ठरतो. रोहित हेच घ्या. लाल हा मूळ अर्थ, मग तांबडा घोडा, एक हरिण, आणि रोहू मासा. ‘रोहू’ हा शब्दच रोहितवरून आला. तरी रोहित म्हटल्यावर कुणाला मासा आठवत नाही.

१०. कोशकीटक

@तिसरी_घंटा, वापर महत्त्वाचा हे मान्य. पण इथे प्रश्न उलटा आहे : नावात प्राणी हवाच आहे. मग कोशातला प्राणी खरा आहे का, की अनेकांतला एक आहे, हे पाहावंच लागतं. नाहीतर ‘आमच्या मुलाच्या नावाचा अर्थ सिंह’ असं सांगायला जाल आणि समोरचा म्हणेल बेडूक, आणि दोघंही बरोबर असाल.

हे उदाहरण खरं आहे. हरि. अमरकोश या एका शब्दाचे तेरा अर्थ देतो : यम, वारा, इंद्र, चंद्र, सूर्य, विष्णू, सिंह, किरण, घोडा, पोपट, साप, माकड, बेडूक. वर कपिल रंग हा चौदावा. तेरांत सहा प्राणी आहेत. बहुतेकांचा धागा पिवळसर-हिरवट-तांबूस रंगाचा.

सारंगही असाच. मूळ अर्थ ठिपक्याठिपक्यांचा, चित्रविचित्र रंगाचा. त्यावरून हरिण, चातक, मोर, हत्ती, भुंगा, कोकीळ. शिवाय राग आहे, आणि जहाजावरचा सारंग आहे, तो फारसीतून आलेला पूर्ण वेगळा शब्द. सारंगधरमधला सारंग आणखी तिसरा : तो मूळ शार्ङ्ग, शिंगाचं केलेलं विष्णूचं धनुष्य. एका नावात अख्खं रान आणि एक धनुष्य. रानपाखरू, तुमच्या अटींत हे नाव बसतं, फक्त ‘कुठला प्राणी’ असं कुणी विचारलं तर उत्तर एक ठरवून ठेवा.

कौशिकबाबत : घुबड अर्थ असला म्हणून तरी काय बिघडलं? रात्री दिसणारे डोळे, पंखांचा आवाज न होणारं उडणं. मला तर नावाला ते शोभतं असंच वाटतं.

११. उत्तररात्र

सापांची नावं नकोत असं बऱ्याच जणांना वाटतं, आणि अनंत मात्र आनंदाने ठेवतात. अनंत म्हणजेच शेष. नागेश, नागेंद्र, फणींद्र, भुजंग, वासुकी, उलूपी ही सगळी त्याच वारुळातली. नाग म्हणजे हत्तीसुद्धा, हेही लक्षात ठेवा; कुठला नाग ते संदर्भ ठरवतो.

गमतीची बाब म्हणजे प्राणी-पक्ष्यांच्या कितीतरी नावांच्या शेवटी ‘ग’ आहे. तो गम् धातूचा, जाणारा. उरग : उरावर, छातीवर सरपटत जाणारा. भुजंग : वळणं घेत जाणारा. खग : आकाशात जाणारा. विहंगही तसाच. तुरंग : वेगाने जाणारा. प्लवंग : उड्या मारत जाणारा, म्हणजे माकड आणि बेडूकही. प्राणी बदलतो, चालायची तऱ्हा बदलते, शेपूट तीच. विहंग हे त्यांतलं सर्वांत स्वच्छ नाव. आणि विहान म्हणजे पहाट, त्याचा पक्ष्याशी काही संबंध नाही. याद्यांत तेही पक्षी म्हणून घुसवतात.

१२. दवबिंदू

मुलींची नावं कमी आली. अश्विनी, नंदिनी, सुरभी, शकुंतला धरायची का?

१३. कोशकीटक

जरूर. चारही अस्सल.

शकुंतला : शकुंत म्हणजे पक्षी. रानात टाकलेल्या तान्ह्या मुलीला पक्ष्यांनी सांभाळलं म्हणून कण्वाने हे नाव ठेवलं, असं महाभारतात आहे. शकुनी म्हणजेही पक्षीच, पण त्या नावाचं नशीब माणसाने बिघडवलं.

सुरभी : कामधेनू, आणि सुवासही. नंदिनी तिची मुलगी, वसिष्ठांच्या आश्रमातली, दिलीपाने सेवा केली ती. रोहिणीचा एक अर्थ तांबडी गाय. आणि वत्सला! वत्स म्हणजे वासरू. वासरासाठी गाय जशी ओढ घेते तशी माया असलेली ती वत्सला. जुनं नाव म्हणून बाजूला पडलंय, पण प्राण्याचा अर्थ इतक्या हळुवारपणे आत असलेलं दुसरं नाव मला माहीत नाही.

सुपर्णा : सुंदर पंखांची. सुपर्ण म्हणजे गरुड. पर्ण म्हणजे पान आणि पंख दोन्ही. अपर्णामध्ये पान आहे (तप करताना पानही न खाणारी पार्वती), सुपर्णामध्ये पंख. दोघी बहिणी असतील तर जोडी छान जमते.

वर्तिका : याद्यांत फक्त ‘दिव्याची वात’ असा अर्थ देतात. वर्तिका म्हणजे लावा पक्षीही. ऋग्वेदात अश्विनीकुमार लांडग्याच्या जबड्यातून वर्तिकेला सोडवतात, ती हीच इवली लावा.

कादंबरी : मद्य, कोकिळा, सरस्वती हे कोशातले अर्थ, पण बाणभट्टाच्या नायिकेमुळे मराठीत शब्दच साहित्यप्रकाराचा झाला. इथे तिसरी_घंटा यांचं म्हणणं पूर्ण लागू पडतं. कोकिळा आता ऐकू येत नाही.

१४. टंकवेडा

एणाक्षी राहिलं. एण म्हणजे काळवीट जातीचं हरिण, एणाक्षी म्हणजे त्याच्यासारखे डोळे असलेली. अर्थ नंबर एक. पण रोमन लिपीला ण माहीत नाही. रोमनमधून परत येताना ‘एनाक्षी’ होतं, आणि ‘ऐनाक्षी’ही झालेलं दिसतं. एन या शब्दात हरिण नाही. याच अर्थाची हरिणाक्षी, मृगाक्षी घेतली तर अर्थ तरी ओळखू येतो. मीनाक्षी सगळ्यांत सुरक्षित. मासा टोकाला असला तरी कुठलंच अक्षर निसटत नाही.

तपासायची पद्धत सांगतो. नाव रोमनमध्ये लिहा आणि ज्याने ते कधी ऐकलेलं नाही अशा तिघांना वेगवेगळं वाचायला द्या. मग प्रत्येकाला त्याने जे वाचलं ते देवनागरीत लिहायला सांगा. तिघांचं लिहिलेलं सारखं आलं आणि तुमच्या नावाशी जुळलं तर नाव पास. दोघांचं जुळलं तर चुकलेलं अक्षर कोणतं ते बघा. बहुतेक वेळा ते ण, ळ, ष किंवा शेवटचा भ असतो.

१५. मोडीवाचक

ऋकाराचं विसरलात. मराठीत ‘ऋ’चा उच्चार रु, हिंदीत रि. म्हणून ऋषभ रोमनमध्ये दोन तऱ्हांनी लिहिला जातो, मृगांकही. दोन्ही बरोबर, पण एका माणसाच्या दोन कागदांवर दोन तऱ्हा असल्या की तीच दोन माणसं होतात.

१६. टंकवेडा

अगदी. आणि देवनागरीतही सापळा आहे : ‘मृ’ आणि ‘म्रु’ डोळ्यांना जवळचे वाटले तरी संगणकाला पूर्ण वेगळे. पहिल्यात म ला ऋकाराचं चिन्ह आहे, दुसऱ्यात म, हलन्त, र आणि उकार. शोधताना एक दुसऱ्याला सापडत नाही. ‘सिंह’चंही तसंच : उच्चार सिंव्ह, म्हणून कुणीतरी ‘नृसिंव्ह’ टाइप करतं.

१७. तिसरी_घंटा

सिंहावरून आठवलं. नावाच्या शेवटी सिंह, व्याघ्र, शार्दूल, ऋषभ, पुंगव, कुंजर आले की प्रत्यक्ष प्राणी उरत नाही, अर्थ होतो ‘श्रेष्ठ’. पुरुषव्याघ्र म्हणजे वाघासारखा थोर पुरुष, मुनिपुंगव म्हणजे मुनींमधला श्रेष्ठ. पुंगव मुळात बैल. कपिकुंजर म्हणजे तर ‘माकडांमधला हत्ती’, म्हणजे वानरश्रेष्ठ. तेव्हा खरा प्राणी हवा असेल तर तो पुढे ठेवा किंवा एकटा ठेवा : शार्दूल, ऋषभ, केसरी. केसरी लिहिताना स ठेवा. केसर म्हणजे आयाळ, आयाळवाला तो केसरी. ‘केशरी’ लिहिलं की मराठीत तो रंग.

१८. उत्तररात्र

अवांतर : मधमाशी-भुंग्यांची नावं कुणी घेतलीच नाहीत. मधुकर, मधुप, भृंग, भ्रमर, मिलिंद. मधुकर म्हणजे मध करणारा. मिलिंदला दोन जन्म : संस्कृतात भुंगा, आणि पालीत ग्रीक राजा मिनँडरचं भारतीय रूप. भ्रमरला संस्कृतात द्विरेफ असंही नाव आहे, म्हणजे दोन र असलेला. भुंग्याच्या अंगावर नव्हे, ‘भ्रमर’ या शब्दात दोन र आहेत म्हणून!

बाहेरच्या भाषांतही माशीला मान आहे. हिब्रूत दबोरा, ग्रीकमध्ये मेलिसा, दोन्ही मधमाशी.

१९. कोशकीटक

अवांतर वाढवतो. हिब्रू : रेचल म्हणजे मेंढी, योना म्हणजे कबूतर, यएल म्हणजे डोंगरी बकरी, अरिएल म्हणजे देवाचा सिंह. अरबी : असद आणि हैदर सिंह, फहद बिबट्या-चित्त्याच्या कुळातला, गझाला हरिणी. तुर्की अर्सलान म्हणजे सिंह. फारसी शाहीन म्हणजे ससाणा. लॅटिनमधून आलेली उर्सुला म्हणजे छोटीशी अस्वल, जर्मन वोल्फगांगमध्ये लांडगा, उत्तर युरोपातल्या बियॉर्नमध्ये अस्वल. फिलिप म्हणजे घोड्यांवर प्रेम करणारा.

घोड्याची इराणी नावं आपल्या सर्वांत जवळची : जामास्प, लोहरास्प, गुश्तास्प. शेवटचा ‘अस्प’ म्हणजे अश्व. आपल्याकडे युवनाश्व, हर्यश्व, बृहदश्व अशी तीच घडण आहे. जरथुश्त्रमधला ‘उश्त्र’ म्हणजे उष्ट्र, उंट.

आणि तीन उपनिषदं एका ओळीत ठेवा : मांडूक्य (मंडूक, बेडूक), तैत्तिरीय (तित्तिर पक्षी), श्वेताश्वतर (पांढरी खेचरं). शौनकात शुनक, कुत्रा. कश्यप म्हणजे कासव. ऋषींना आपल्या नावात प्राणी असण्यात काही वावगं वाटत नव्हतं.

२०. साळुंकी

एक छोटी सूचना. नाव आडनावासकट म्हणून बघा. आडनाव ससाणे असेल आणि मुलाचं नाव शशांक, तर ससा आणि त्याच्यावर झडप घालणारा एकाच सहीत. आडनावात वाघ असेल तर हरिणाक्षी नको. आडनावातच मोर असताना मयूरी ठेवलं तर तेच दोनदा होतं. आडनावात प्राणी असेल तर नावात पक्षी घ्या, किंवा उलट.

२१. रानपाखरू

सगळ्यांचे आभार. या धाग्याने माझ्या यादीतली सहापैकी पाच नावं खोडली, त्याचा आनंदच आहे. मराल, तुरंग, शरभ गेली. केका नाव म्हणून सोडते, शब्द म्हणून जपून ठेवते. एणाक्षी ण मुळे गेली. सारंग राहतं, पण ‘कुठला प्राणी’ याला सहा उत्तरं देत बसायची इच्छा नाही.

नव्याने आलेली : मुलगी झाली तर वर्तिका, सुपर्णा, वत्सला. मुलगा झाला तर विहंग, मृगांक. साळुंकी, तुमची प्रत्ययांची कसोटी लावून पाहिली. सुपर्णेला, सुपर्णाने, दोन्ही चालतंय. मृगांकचं मात्र मृगांकचा, मृगांककडे म्हणताना क वर क येतो.

२२. साळुंकी

दोन क लागोपाठ आले तरी अडत नाही, शशांककडे आपण सहज म्हणतोच. त्याची काळजी नको. मृगांकला खरा त्रास रोमनचा.

वत्सलाची हाक ‘वत्सू’ होईल, ती गोड आहे. वर्तिकाची ‘वर्तू’ होईल, ती चालेल का ते एकदा मोठ्याने म्हणून बघा. सुपर्णाची ‘सुपू’ किंवा ‘पर्णा’. पर्णा झाली की पंखही राहतात.

२३. टंकवेडा

विहंग माझ्या तिघांच्या चाचणीत बसेल असं आहे. व, ह आणि ग, तिन्ही अक्षरं रोमनमध्ये सरळ, मध्ये एक अनुस्वार, शेवटी भानगड नाही. मृगांक घ्यायचं झालं तर रोमन स्पेलिंग पहिल्या कागदाच्या आधी ठरवा, कुणी विचारेल तेव्हा नव्हे. सुपर्णामध्ये ण आहे, पण रफाराखाली असल्यामुळे वाचणारा आपोआप ण म्हणतो; अपर्णामुळे कान तयार आहेत. वर्तिकाला रोमनमध्ये काही धोका नाही.

२४. कोशकीटक

वर्तिका ठेवलीत तर अर्थ सांगताना लावा पक्षी आधी सांगा, वात नंतर. नाहीतर पुन्हा कुठल्यातरी यादीत फक्त वातच छापली जाईल.

२५. रानपाखरू

विहंग किंवा वर्तिका. बाकीच्यांपैकी वत्सला लाडाच्या हाकेसाठी ठेवते. आता ‘वर्तू’ मोठ्याने म्हणून बघायला जाते.